कल्लाप्पांच्या गाडीमागची वरात

यंदाच्या थंडीत अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात सुरक्षित गाडी कुणाची असेल, तर ती कल्लाप्पा मगदुमांची! हे सर्टिफिकेट दुसऱ्या कुणी दिलेलं नव्हतं. आरशासमोर दाढी करताना त्यांनीच ते स्वतःला दिलं होतं, मोठ्यानं. ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतंच.

झालं असं, की मुरगूडला दिलेल्या त्यांच्या लेकीनं, भाग्यश्रीनं, फोनवरून हुकूम सोडला.

"आण्णा, थंडी सरूस्तवर गाडी काढायची न्हाय. सकाळचं धुकं असतंय, उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतोय. यायचं असलं तर यष्टीनं या."

यष्टीची पायरी कल्लाप्पांच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. लेकीच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे भाग्यश्रीला इकडं यायला जमत नव्हतं. म्हणजे पुढचे सगळे रविवार बुडाले. आणि लेकीकडचं रविवारचं जेवण हे आठवड्यातलं एकच जेवण, जे कल्लाप्पा कुणाच्या तरी शेजारी बसून जेवायचे. बायको रोहिणी गेल्यापासून बाकीच्या दिवशी ते दिवस मावळायच्या आत, जैन घरातल्या रिवाजाप्रमाणे, एकटेच जेवून घ्यायचे. थंडीत दिवस लवकर मावळतो. ताट धुऊन पालथं घातलं की पुढं एवढी मोठी संध्याकाळ उरायची, की तिचं काय करावं हे त्यांना कळायचं नाही. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला ते अलीकडं "बरं, बरं" असं उत्तर द्यायला लागले होते.

तेव्हा त्यांनी ठरवलं, की गाडी अशी तयार करायची की लेकीला बोलायला जागाच राहू नये.

शिवाजी पेठेत शमशुद्दीनचं गॅरेज होतं. तिथलं एका दिवसाचं काम कल्लाप्पांनी आठवडाभर पुरवलं. एका दिवशी बॅटरी बदलली, दुसऱ्या दिवशी वायपरची रबरं, मग ब्रेक.

"काका, चारी टायर एकदम बघतो की," शमशुद्दीन म्हणाला.

"आज दोन बघ. दोन उद्या. गडबड काय हाय?"

गॅरेजमध्ये चहा यायचा, चार माणसं बोलायची. गडबड खरंच नव्हती. पण टायर चारच असतात, आणि ते संपले. मग कल्लाप्पांनी पिवळे फॉगलॅम्प बसवून घेतले. मागं लाल चमकणारी पट्टी मारली. मागं मारली म्हणून बाजूला मारली, आणि उरली म्हणून पुढंही मारली. शेवटी ते टपावर बसवायला एक लुकलुकणारा पिवळा दिवा घेऊन आले.

"काका, ह्यो दिवा रस्त्याच्या कामावरच्या गाडीला असतोय."

"मग मी काय शेतातनं जाणाराय? रस्त्यावनंच जाणार की."

शमशुद्दीननं दिवा बसवला. गाडी आता नवरदेवाच्या घोड्यासारखी दिसत होती.

रविवारी पहाटेच, लेकीला न कळवता, कल्लाप्पा निघाले. कागल सोडलं आणि धुक्यानं रस्ता गिळला. पुढचं बॉनेट दिसेना. पण बॅटरी नवी, वायपर नवे, दिवे ढीगभर. वीसच्या स्पीडनं गाडी निवांत चालली होती.

दूधगंगेच्या पुलाजवळ त्यांना आरशात दोन दिवे दिसले. त्यामागं आणखी दोन. आणि टेपरेकॉर्डरवर दणदणीत गाणं. उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या. त्याच्यामागं दुसरा ट्रॅक्टर, त्याचं गाणं वेगळं. कल्लाप्पांना एकदम बरं वाटलं. एवढ्या पांढऱ्या अंधारात आपल्या मागं कुणीतरी आहे, हे काही कमी नव्हतं. ट्रॅक्टर मागं पडला की ते गाडी हळू करायचे. गाणं जवळ आलं की पुन्हा पुढं व्हायचे.

साखर कारखान्याचा फाटा आला. आता ही मंडळी वळणार, म्हणून त्यांचा जीव थोडा थोडा झाला. मंडळी वळली नाहीत. सोबतच येताहेत म्हटल्यावर, का येताहेत हे काही कल्लाप्पांनी विचारलं नाही.

मुरगुडात शिरून त्यांनी लेकीच्या गल्लीत गाडी घातली. मागोमाग पहिला ट्रॅक्टर शिरला. मग दुसरा, मग तिसरा. चौथा अर्धा गल्लीत आणि अर्धा चौकात अडकला. पुढं गल्ली बंद, आणि दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर काही केल्या मागं घेता येत नाही. चार गाणी एकाच वेळी वाजत होती. अख्खी गल्ली दात घासत बाहेर आली.

पहिल्या ट्रॅक्टरवरून सम्राट नावाचा ड्रायव्हर उतरला.

"पावणं, कारखाना कुठाय?"

"त्यो मागं ऱ्हायला की."

"मग तुमी कारखान्याच्या शेती खात्याचं न्हवं?"

"मी हिचा बाप हाय," कल्लाप्पा म्हणाले आणि दारात उभ्या असलेल्या भाग्यश्रीकडं बोट दाखवलं.

"आमी म्हटलं, पिवळा दिवा हाय, मागं ऱ्हायलो की थांबतोय बी. कारखान्याचीच गाडी असणार."

भाग्यश्री आत गेली. ती रागावली की भांडी आपटत नाही, अगदी हळू ठेवते. ते जास्त वाईट. तिनं हळू पातेलं ठेवलं आणि सगळ्यांसाठी पोहे टाकले. ड्रायव्हर जेवले, त्यांचे जोडीदार जेवले, ट्रॉल्या सोडवायला आलेले शेजारीही जेवले. गल्लीतल्या पोरांनी ऊस सोलला. कल्लाप्पा ओट्यावर मधोमध बसले होते, डावीकडं माणूस, उजवीकडं माणूस, आणि मनातल्या मनात त्या ट्रॉल्या निघू नयेत असं म्हणत होते. लाज वाटत होती, पण म्हणत होते.

शेवटची ट्रॉली ओढून काढली तेव्हा दुपार झाली होती.

"पावणं, रस्ता मोकळा झाला," सम्राट म्हणाला. "आता निघा तुमी."

कल्लाप्पांनी वर बघितलं. डोक्यावर लख्ख ऊन होतं.

"धुकं लई हाय अजून," ते म्हणाले.

सम्राटनं आभाळाकडं बघितलं, मग भाग्यश्रीकडं. ती पुढं आली आणि तिनं बापाच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"व्हय, हाय की," ती म्हणाली. "होळीपतूर काय हटत न्हाय ह्ये. तवर हितंच ऱ्हावा. खरं आण्णा, जेवायला येळ लागंल. घरात हुतं न्हवतं त्ये सगळं तुमच्या वरातीनं खाल्लंय."