व्याह्यांसाठी हेरिटेज वॉक

नंदकुमाररावांना एकदा चेव चढला की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, आणि इथे तर चेव चढवणारा माणूस खुद्द होणारा व्याही होता!

त्याचं असं झालं. त्यांची लेक गीतांजली आणि पुण्याचा तेजस यांचं लग्न ठरलं. मुलाचे वडील वामनराव, रिटायर्ड चित्रकला शिक्षक. त्यांनी नंदकुमाररावांना भर उन्हात पुण्याच्या पेठांमधून हेरिटेज वॉक घडवला. टोपीवाला गाइड, गळ्यात बिल्ला, आणि एकेका खिडकीपुढे पाय दुखेपर्यंत व्याख्यान. शेवटी मिसळ खाताना वामनराव म्हणाले, "लग्न आपण पुण्यातच करू. तुमच्या नवी मुंबईत सगळं कालपरवाचं. इतिहास म्हणून काही नाही."

"नाही कसा?" नंदकुमाररावांना ठसका लागला. "या आमच्याकडे. मी स्वतः वॉक घडवतो. पायी बघण्यासारखं काही निघालं, तर लग्न नवी मुंबईत."

"ठरलं," वामनराव म्हणाले.

कोपरखैरण्याला घरी आल्यावर पत्नी मीनाताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, रबाळ्याच्या कंपनीत तुमचा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेला. इतिहासातलं काय कळतं तुम्हाला?"

"कळायचंय काय त्यात? टोपी घालायची, बोट दाखवायचं आणि 'पूर्वी इथे' म्हणून सुरुवात करायची."

पण बोट दाखवायचं कशाकडे? कोपरखैरण्याचे सेक्टर तर त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिलेले. मग त्यांना आठवलं बोनकोडे. सेक्टरांच्या मधोमध बसलेलं मूळ गाव, शहर कागदावरही नव्हतं तेव्हापासूनचं. नंदकुमारराव तिथे मासळी आणायला जात, पण पापलेटावरची नजर काढून घरं त्यांनी कधी बघितली नव्हती. वॉकला गर्दी दिसावी म्हणून त्यांनी हास्यक्लबातले सहा जण गोळा केले. सगळ्यांना पांढऱ्या टोप्या, सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले. स्वतःच्या हातात भिंतीवर लाल ठिपका पाडणारा लेझर. वामनराव आले तसा वॉक बोनकोड्याला निघाला.

आता तुम्हीच गावठाणातल्या माणसाच्या जागी उभे राहून बघा. तुम्ही ओट्यावर निवांत कोळंबी सोलताय. गल्लीत बिल्लेवाली फौज शिरते. पुढचा माणूस तुमच्या भिंतीवर लाल ठिपका पाडून विचारतो, "हे घर कधीचं? वरचा मजला नंतरचा वाटतो!" मागचा फटाफट फोटो काढतो. काय समजाल? गावाचाही तोच समज झाला. तोडकामवाले आले!

तोडकामात जुनं घर सुटतं आणि नवं, बिनपरवानगीचं घर अडकतं, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. खबर वाऱ्यासारखी पसरली. पहिल्याच घराची मालकीण शालनबाय हात पुसत आडवी आली.

"साहेब, ह्यो घर आमचे आज्याचे टायमाचा हाय."

नंदकुमाररावांनी वर पाहिलं. चार मजले, आणि सगळ्या दर्शनी बाजूला निळी काच.

"आजोबांच्या वेळी काच?"

"आज्या हौशी होता."

"आणि ही लिफ्ट?"

"त्याचे गुरघे दुखायचे."

खरं तर इथेच पाल चुकचुकायला हवी होती. पण मागे वामनराव होते! नंदकुमाररावांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बघा वामनराव, पूर्वी इथे किती दूरदृष्टीची माणसं राहायची."

मग काय विचारता! "आमचा पयला बगा" म्हणत जो तो त्यांना हाताला धरून ओढायला लागला. एकाच्या बाथरूमच्या टाइल्स पणजोबांच्या निघाल्या. एकाने पार्किंगमध्ये घाईघाईने जातं आणून ठेवलं आणि त्याच्याच शेजारी स्कूटर तशीच राहिली. शहाळी आली, खुर्च्या आल्या, तळलेले बोंबील आले.

"तुमचा इथे फारच मान दिसतो," वामनराव बोंबील चावत म्हणाले. "पुण्यात आमच्या गाइडला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही."

नंदकुमाररावांची छाती फुगली. तेवढ्यात शालनबाय कानाशी आली. "साहेब, नोटीस येनार नाय ना?"

आत्ता कुठे डोक्यात उजेड पडला. खरं सांगावं तर वॉक संपला, लग्न पुण्याला गेलं. म्हणून हा शहाणा साहेबी आवाजात म्हणाला, "बघू. वरती कळवतो."

"मंग ह्ये पन कलवा," शालनबायने पदर खोचला. "गाववाल्यांचेच मागं लागताव. त्या सेक्टरमंदल्या रो-हाउसांवर मजले चरवलेत, ते दिसत नाय? चला, आमी दाखवतो!"

निघाली मिरवणूक! पुढे शालनबाय, मागे सगळं गाव आणि मध्ये नंदकुमारराव, "तिकडे इतिहास नाही हो" म्हणत मागे ओढणारे. दुसऱ्याच वळणावर, नव्या कोऱ्या रंगाच्या एका तीन मजली घरासमोर सगळे थांबले.

"अहो, हे तर तुमचं घर," वामनराव म्हणाले.

"ह्याचा वरचा मजला कवाचा?" शालनबायने विचारलं.

"पूर्वी इथे..." नंदकुमाररावांनी सुरुवात केली. पण गलका ऐकून मीनाताई गॅलरीत आल्या होत्या. एवढी माणसं आपलं घर बघायला आली म्हणून त्या हरखल्या.

"तो होय? गेल्या दिवाळीत चढवला! परवानगीच्या भानगडीत पडलोच नाही आम्ही."

शालनबायने नंदकुमाररावांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि निरखून पाहिलं. "म्हंजे मासली घ्यायला येतो, त्योच ना तू?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेकीचं लग्न, पैज, वॉक, सगळं त्यांनी खाली मान घालून सांगून टाकलं. गाव असं हसलं की हास्यक्लबवाल्यांनाही लाज वाटली. फक्त वामनराव हसले नाहीत.

"लग्न पुण्यातच," ते म्हणाले. "या घरापुढे मांडव घातला आणि ऐन मुहूर्तावर जेसीबी आला तर?"

"लगनाचे दिवशी?" शालनबाय कडाडली. "सगला गाव आरवा झोपल त्याचे पुढं! म्हंजे आवतान सगल्या गावाला पायजे."

वामनरावांनी गावाकडे पाहिलं, मग हात जोडले. "पुण्यात आमच्यासाठी शेजारीसुद्धा आडवा व्हायचा नाही. ठरलं, नंदकुमारराव. लग्न इथेच."

नंदकुमारराव जिंकले! त्यांना रडूच फुटायचं बाकी होतं. इतक्यात वरून मीनाताईंनी विचारलं, "अहो, जेवायला किती पानं मांडू?"

त्यांनी वळून पाहिलं. शालनबाय दाराशी चपला काढत होती आणि तिच्यामागे अख्खं बोनकोडे.

"तू डाळीत पाणी घाल," ते हळूच म्हणाले. "आकडा मागाहून सांगतो."