भुजंगप्रयातें फौज चालली त्याची हकीकत

श्रीसरस्वती प्रसन्न. ज्यांस कान आहेत त्यांस रामराम, ज्यांस नाहींत ते सुखी. शके पंधराशें बत्तीस, साधारण नाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं ऐसें वर्तमान जाहलें जे, महाराजांस कविता करावयाची हौस उपजली, आणि गण कांहीं केल्या उमजेनात. राजकवी गिरमाजीपंत यांणीं परोपरीनें सांगितलें, "आखूड अक्षर तो लघू, लांब तो गुरू, तीन अक्षरें मिळोन एक गण." महाराज म्हणाले, "पंत, डोक्यांत शिरत नाहीं." मग पंत सदरेवर चालोन दाखविते जाहले. लघूस आखूड पाऊल, गुरूस लांब टाकोन अंमळ थांबणें, आणि मुखें "पुढे जा, पुढे जा, पुढे जा, पुढे जा." हा भुजंगप्रयात. महाराज बहुत संतोष पावले आणि हुकूम सोडिला कीं, अवघी फौज याच वृत्तांत चालेल. कोणीं वृत्त मोडिल्यास त्याची गर्दन मारावी, आणि शिकविणार म्हणोन पंतांचीही. फौज निघाली ती ऐसी कीं, अवघ्यांचे पायीं एकदांच कांटा मोडिला असावा. आणि महाराज घोडा सोडोन हौसेनें आघाडीस पायीं.

मग माळावर गनीम चालोन आला. सरनोबत म्हाळोजी हात जोडोन म्हणाले, "म्हाराज, त्यो घोडी उधळीत येतोय, आन् आपली मान्सं गुरूवर थांबत्यात! पळायचा हुकूम द्या." महाराज म्हणाले, "जीव गेला तरी वृत्तभंग होणें नाहीं!" आणि गनिमाचे भाले दिसों लागले, आणि लोक रडत रडत "पुढे जा" म्हणों लागले. तेव्हां पंतांनीं देवाचें नांव घेतलें आणि जीव खाऊन ओरडले, "झटपट पळ पळ, सरक सरक चल!"

महाराज दचकोन पुसते जाहले, "हें काय?"

"नगण, महाराज! तिन्ही लघू. थांबणें कोठेंच नाहीं."

"शास्त्रास मान्य?"

"मान्य, महाराज!"

"तर पळा!"

आणि अवघी फौज पळाली, आणि सर्वांपुढें महाराज. छावणी गेली, निशाण गेलें, मात्र अक्षर चुकलें नाहीं. नदीपार झाल्यावर महाराजांनीं धापा टाकीत पंतांस पोटाशीं धरिलें आणि म्हणाले, "पंत, आज गण कळले."

सारांश इतकाच कीं, विद्या कित्येकांचे पायांतून डोक्यांत चढते. तोंवर गुरुजींचें डोकें धडावर राहिलें, हेंच नवल.