टोमॅटोची साक्ष

सचोटी शिकावी ती वनस्पतींकडून, असं माझं ठाम मत होतं. वनस्पती कधी खोटं बोलत नाहीत! एखादीने वेळेला खोटं बोलायला काय हरकत आहे, असं वाटायची पाळी नंतर आली, ती गोष्ट वेगळी.

आम्हाला आमचं घर विकायचं होतं. कारण एकच. घरात ऊन येत नाही. सोमवारी धुतलेला शर्ट मी गुरुवारी दमटच घालतो. समोरच्या इमारतीतलं काकांचं घर मात्र लख्ख! काका मुलाकडे राहायला जाणार होते. "तुमचं विकलं गेलं, की माझं तुम्हालाच," असा त्यांनी शब्द दिला होता. तेव्हापासून बायको त्यांच्या बाल्कनीकडे माहेर असल्यासारखी बघायची.

गिऱ्हाईक येणार त्या सकाळी ती म्हणाली, "अहो, खिडकीतल्या त्या काड्या आधी आवरा."

"काड्या? टोमॅटोची रोपं आहेत ती! उंची बघ. उन्हाशिवाय वाढली असती का? गिऱ्हाइकाला याहून मोठा पुरावा काय हवा?"

"पुरावा कुणाच्या बाजूचा, ते बघा म्हणजे झालं."

'ट्रे रोज फिरवा,' असं बियांच्या पाकिटावर छापलं होतं. मी फिरवला नाही. सगळी रोपं कवायतीतल्या जवानांसारखी एकाच बाजूला झुकलेली! इतकी शिस्त आमच्या घरात पहिल्यांदाच दिसत होती.

एजंट एका जोडप्याला घेऊन आला. बाई विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका होत्या, हे त्याने आधी सांगायला हवं होतं.

"उजेड छान आहे हो," त्यांचे यजमान म्हणाले.

"सगळे दिवे लावलेत," बाई म्हणाल्या.

"ते सवयीने!" मी हसलो. "खरा उजेड इकडे बघा."

बाई वाकल्या. एका रोपाला त्यांनी अलगद बोट लावलं. ते आडवं झालं.

"अगं बाई! किती लांबलीत बिचारी!"

"उंच आहेत ना?" मी म्हणालो.

"उपाशी आहेत. उजेड मिळाला नाही की रोपं अशीच लांबत सुटतात." एजंटला खोकला आला. "आणि सगळी तिकडे काय बघतायत?"

आम्हीही सगळे तिकडे बघू लागलो. समोर काकांची बाल्कनी उन्हात न्हाऊन निघाली होती. दोरीवरची चादर पापडासारखी कडक वाळली होती.

"ते घर कुणाचं?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडेपर्यंत, इतका वेळ माझा असलेला एजंट त्या दोघांना घेऊन अर्धा जिना उतरलाही होता.

दुपारी काकांचा फोन आला. "माझं घर त्या बाईंना दिलं. वाईट वाटून घेऊ नकोस रे. तुझं विकलं गेलं की तुला, असंच ठरलं होतं ना? ते काही विकलं जायचं लक्षण नाही. पण तुझ्या रोपांनी काम केलं हं!"

संध्याकाळी बाई स्वतः आल्या. "राग मानू नका. पण ही रोपं इथे तगायची नाहीत. मी नेऊ का? काका म्हणाले, आजपासूनच बाल्कनीत ठेवा."

बाणेदार उत्तर काय द्यावं, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात बायकोने ट्रे उचलून त्यांच्या हातात दिला.

"न्या हो. या घरातल्या कुणाला तरी ऊन मिळू दे!"

आता त्यांना टोमॅटो लागलेत. आमच्या खिडकीतून अगदी स्पष्ट दिसतात.

आज गुरुवार. शर्ट दमट आहे.