सबिहाच्या दारावरून पाच फेऱ्या

मेहरबीनं त्या दिवशी फक्त धूळ पुसायची ठरवली होती. बाकी सगळं त्या सायकलीनं केलं. असं मेहरबी सांगते, आणि तिच्या तोंडाला लागायची केनवड गावात कोणाची टाप नाही, म्हणून आपणही तसंच धरून चालू.

सायकल तिच्या लेकीची, उमेराची. उमेरा पुण्याला शिकते आणि एक शर्यत खेळते. तिच्यात आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळायचं, आणि मधे दम खायला बसायचं नाही. (मेहरबी म्हणते, हे तर आपण घरात रोजच करतो, फक्त बक्षीस कोणी देत नाही.) या शर्यतीत पोरीनं पहिला नंबर काढला आणि ही सायकल जिंकून आणली. टायटॅनियमची. म्हणजे काय, ते मेहरबीला एका वाक्यात समजलं: विमानाला लागतं ते. तेव्हापासून तिच्या घरात विमान होतं. ते मधल्या खोलीत कपाटाला टेकून उभं असायचं. तिचा नवरा जमशेद गाद्या-रजया भरतो, त्यानं सायकलीसाठी हिरव्या साटनची रजई शिवली. स्वतः जमशेद तीन ठिगळांच्या रजईत ओसरीवर झोपायचा.

बघायला येणाऱ्याला मात्र खोटच दिसायची. स्टँड नाही, घंटी नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. शेजारच्या लिलाबाईनं विचारलं, रंगबी नाई दिला, कच्चीच उचलून आणली काय?

"रंग त्याले लागते ज्याले गंज चढते," मेहरबी म्हणाली. "हिले नाई चढत. तुह्या जिभेले चढला असन तं सांग, घासून देतो."

तर त्या दिवशी सुट्टीत घरी आलेली उमेरा कागदपत्रांसाठी वाशिमला गेली होती. मेहरबीनं धूळ पुसायला रजई काढली. घरात अंधार, धूळ नीट दिसेना, म्हणून सायकल उन्हात काढली. उन्हात ती अशी चमकली, की नुसती पुसून आत ठेवणं म्हणजे दुल्हन सजवून कोठीत कोंडणं. आणि गल्लीत बघायला कोण? एक कोंबडी. मेहरबीला ते सहन झालं नाही. जिनं बघायला पाहिजे ती पुढच्या वळणावर बसली होती.

ती म्हणजे सबिहा, मेहरबीची सख्खी धाकटी बहीण. दोन वर्षं झाली, बोलचाल बंद. सबिहाच्या पोराच्या, मुन्नाच्या, लग्नाच्या जेवणात, वलिम्यात, भर बायकांत, सबिहा बोलून गेली होती, की पोरगी पाण्यात उड्या मारते, सायकलीवर गावं फिरते, तिले करन कोण? मेहरबी भरल्या ताटावरून उठली आणि तिनं कसम खाल्ली, की तुह्या दारात पाय ठेवणार नाई. (बिर्याणी अर्धी राहिली, ते दुःख वेगळंच.) तेव्हापासून दोघी रस्त्यात दिसल्या की तोंड फिरवायच्या. पण कोणाच्या चुलीवर काय शिजलं, हे दोघींना रोज माहीत असायचं.

सायकल मेहरबीला नवी नव्हती. आसेगावला, माहेरी, बापाच्या सायकलीवर दळण घेऊन जाणारी ती एकटी पोरगी होती. आता वय अडतीस. (आधार कार्डावर अठ्ठेचाळीस आहे, पण ते कार्ड तिला विचारून काढलं नव्हतं.) तिनं ओटा धरला, सलवार घोट्यापाशी दोरीनं बांधली आणि टांग टाकली. पायडल बघितलं तर सुपारीएवढं, चप्पल घसरायची. मग लेकीचे शर्यतीचे बूट घातले, मापाचेच होते. खाली दाबल्याबरोबर खट आवाज झाला आणि पाय पायडलला चिकटला. दुसराही चिकटला. मेहरबीला कौतुक वाटलं. महागाची गाडी, माणसाला सांभाळून धरते.

आणि ती निघाली.

काय निघाली. त्या सायकलीवर हँडलवर कोपरं टेकून वाकावं लागतं, चुलीत फुंकर मारायला वाकतो तसं. ते तर मेहरबीला तीस वर्षांचा सराव. आवाज नाही, खडखड नाही, एक पायडल मारलं की चार घरं मागं. वारा कानात शिरला. सोयाबीनचा हंगाम, सगळी गल्ली दारात बसून शेंगा-काड्या निवडत होती, ती सूप हातात धरून उभी राहिली.

सबिहाही उभी राहिली. मेहरबीनं मान ताठ करून, समोर बघत, तिच्या दारावरून सायकल काढली. तेवढ्यात मागून हाक आली. दोन वर्षांतली पहिली.

"आपा, उतर ना. चाय मांडतो."

मेहरबीचं काळीज लोण्यासारखं झालं. कसम कुठल्या कुठं गेली. तिनं ब्रेक दाबला, पाय टेकायला ओढला, आणि पाय आला नाही. दुसरा ओढला. तोही आला नाही. सायकल कलली, तसं मेहरबीनं घाबरून पायडल मारलं आणि सायकल पुढं गेली. म्हणजे सबिहाला दिसलं ते असं: आपानं ऐकलं, थांबल्यासारखं केलं, आणि हिणवून निघून गेली.

आता शाळेला वळसा घालून, मशिदीवरून परत त्याच गल्लीत यायचं, एवढाच इलाज होता. दुसऱ्या फेरीला सबिहा दारात उभी होती, चुलीचा धूर मागून येत होता. मेहरबी ओरडली, येतो, येतो. आणि गेली.

तिसऱ्या फेरीला सबिहाच्या हातात कपबशी होती. गल्लीतली पोरं शिट्ट्या मारत होती, लिलाबाई टाळ्या वाजवत होती. दोन शब्द बोलले असते तर काम झालं असतं: पाय अडकले. पण दोन वर्षं जिच्या नावानं मान ताठ केली, तिच्यासमोर, एवढ्या टाळ्यांत, हे सांगायचं कसं? मेहरबी हसली आणि हात हलवून पुढं गेली. ते हसणं सबिहाला लागलं.

चौथ्या फेरीला सबिहा शांतपणे म्हणाली, "चाय थंड झाली, आपा. एवढा घमंड चांगला नाई."

पाचव्या फेरीला मेहरबी वळणावर आली, तर सबिहानं चहा ओट्याखाली ओतलेला आणि ती आत जाऊन दाराचा एक पल्ला लावत होती. मेहरबीला बहिणीचा स्वभाव माहीत होता. हे दार आज लागलं तर मय्यतीलाच उघडणार. दुसरा पल्ला हलला, आणि मेहरबीनं टाळ्या, शिट्ट्या, विमान सगळं सोडलं.

"सबिहा, दार लावू नको. मले थांबता येऊन नाई राह्यलं."

आणि दारासमोर सोयाबीनच्या कुटाराचा, मळणीनंतर उरलेल्या भुशाचा, माणूसभर ढीग होता, त्यात तिनं सायकल घातली.

ढिगातून आधी एक चाक वर आलं, ते फिरतच होतं. मग दोन पाय, बुटांसकट, पायडलला चिकटलेले. सबिहा धावली. तिनं पाय ओढला, लिलाबाईनं सायकल ओढली, आणि मधे मेहरबी रबरासारखी लांबली. शेवटी सबिहानं बुटाकडं नीट पाहिलं. वर एक पट्टा होता, चिकटवायचा, लहान पोरांच्या बुटाला असतो तसा. तिनं तो चर्रकन सोडला. पाय बाहेर आला, बूट तिथंच राहिला.

"एवढंच होतं आपा," सबिहा म्हणाली.

मेहरबीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. (बोलायला तोंडात कुटार होतं.) ते थुंकून तिनं आधी सायकल बघितली. एक ओरखडा नाही. मग म्हणाली, "मी कसम नाई मोडली. पाय कुठं ठेवला? मी तं डोक्यावर आलो."

सबिहानं तिच्या केसांतल्या काड्या काढता काढता सायकलीवर हात फिरवला. "उमेरानं जिंकली?"

"मंग."

"मी तेव्हा लय वंगाळ बोललो होतो आपा."

"बोलली होतीस. आता चाय ठेव, अन् साखर पाह्यजे तेवढी टाक."

जमशेद धावत आला तो रजई घेऊन. मेहरबीला वाटलं आपल्यावर पांघरतो. त्यानं ती सायकलीवर घातली.

संध्याकाळी उमेरा आली. पायडलवर दोन बूट तसेच उभे होते. तिनं त्यांची टाच हातानं बाहेर वळवली, खट, खट, दोन्ही सुटले. मग हँडलवरच्या लहानशा स्क्रीनवर बघून ती थांबली. "अम्मी, चार किलोमीटर? एकदाबी न थांबता?"

मेहरबीची छाती विमानाएवढी झाली. आता केनवडात लग्न असो की बारसं, ती बायकांना हीच गोष्ट सांगते: पाच फेऱ्या, चार किलोमीटर, या वयात, एकदाबी न थांबता. सबिहा तिच्या शेजारीच बसलेली असते, एकाच ताटात जेवत. ती शेवटपर्यंत सगळं ऐकून घेते, बोटं चाटते आणि म्हणते, "थांबता आलं असतं, तं आपा पह्यल्याच फेरीत चाय पेली असती."