‘ऑलरेडी’ स्थाननिश्चिती समिती

वजनमापे कार्यालयातल्या मसुदा-कारकुनाने बदलीसाठी अर्ज केला. अशा अर्जांनी आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही, आणि भलं झाल्याचीही नोंद नाही.

त्याची बायको दूरच्या गावातल्या इस्पितळात परिचारिका होती आणि लहानगी मुलगी तिच्याजवळ असे. कारकून दर शनिवारी दुपारी तिकडे जायचा. त्याने बूट काढायच्या आत मुलगी विचारायची, "बाबा, परतीची बस कितीची?" पोरीला बसचं वेड आहे, असं तो कौतुकाने शेजाऱ्यांना सांगे. ते वेड बसचं नाही, हे बायकोने एकदा त्याला समजावून सांगितलं, तेव्हापासून बुटाची नाडी सोडायला त्याला फार वेळ लागू लागला.

आणि योग असा, की त्याच गावातल्या शाखेत कारकुनाचं पद रिकामं झालं. कारकुनाने त्याच दिवशी अर्ज लिहिला. मुख्यालय फक्त इंग्रजी वाचतं असा समज असल्यामुळे अर्ज इंग्रजीत होता. मुख्य वाक्य एवढंच, की मी अर्ज केला त्याआधीच हे पद रिकामं झालेलं होतं. ‘द पोस्ट हॅड ऑलरेडी फॉलन व्हेकंट.’ कारकुनाचे मसुदे म्हणजे आरसा. त्यात बोट ठेवायला जागा नसे, आणि याचा त्याला मनातून चांगलाच ताठा होता.

नेमकं तेच नडलं. त्या कार्यालयात एक रीत होती, ती कुठल्या नियमावलीत नव्हती म्हणूनच काटेकोरपणे पाळली जाई. निदान एक दुरुस्ती केल्याशिवाय कोणताही अधिकारी कागदावर सही करत नसे. कागद जसाच्या तसा पुढे गेला, तर साहेबांनी वाचलाच नाही असा अर्थ निघतो. दुसरी रीत पहिलीची सख्खी बहीण होती. वरपर्यंत दुरुस्त्या झाल्या की कागद नव्याने टाईप करून तळापासून पुन्हा सादर करायचा.

मुख्य लिपिकांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. स्पेलिंग बरोबर, समास बरोबर. अख्ख्या कागदात हलवण्याजोगा एकच शब्द होता.

"हे ‘ऑलरेडी’ असं मध्ये कशाला घुसवलंत?" ते म्हणाले. "हॅड आणि फॉलन यांचा संसार आहे. त्यात तिसरा कशाला?" त्यांनी ऑलरेडी उचलून ‘हॅड’च्या आधी नेऊन ठेवला आणि समाधानाने सही केली.

अधीक्षकांनी चष्मा पुसला. "आधी आल्यामुळे वाक्य घाईत असल्यासारखं वाटतं. सरकारी वाक्याने धावू नये." ऑलरेडी वाक्याच्या शेवटी गेला.

उपनियंत्रकांना तो शेवटी बघवेना. "हा शब्द बसमध्ये विसरलेल्या छत्रीसारखा दिसतोय. मध्ये घ्या." म्हणजे ऑलरेडी फिरून आपल्या मूळ घरी आला, आणि कागद नव्याने टाईप होऊन मुख्य लिपिकांकडे गेला. त्यांनी तो अर्थातच पुन्हा ‘हॅड’च्या आधी नेला.

असा तो शब्द गरगर फिरू लागला. वाक्यातल्या बाकीच्या शब्दांना कोणी हात लावला नाही, ते बसल्या जागी सुखात होते. कारकुनाने दुपारच्या सुट्टीत बायकोला फोन केला.

"अहो, एखादी चूक ठेवा ना मुद्दाम," ती म्हणाली. "तारीख चुकवा, नाहीतर एखादं अक्षर गाळा. ती दुरुस्त करतील आणि सह्या ठोकतील. सगळ्यांचं समाधान."

"चूक? माझ्या मसुद्यात?"

"मग काय झालं?"

"लोक काय म्हणतील?"

"आमच्याकडे पेशंट बेशुद्ध पडला तर आधी नाडी बघतात, त्याच्या नावाची वेलांटी नाही," बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिचं म्हणणं त्याला पटलं होतं. तरीही त्याने चूक केली नाही. हात वळेना.

प्रकरण चिघळलं तेव्हा उपनियंत्रकांनी समिती नेमली. तिचं नाव ‘पूर्ण भूतकाळातील क्रियाविशेषण स्थाननिश्चिती समिती’. सदस्य हेच तिघे, आणि मसुदे चांगले लिहितो म्हणून सचिव कारकून. इतर दिवशी कामं असल्यामुळे समितीने शनिवारी दुपारी बसायचं ठरलं. त्यामुळे कारकुनाचं गावी जाणंही बंद झालं. पहिल्या बैठकीत चहा झाला. पुढच्या बैठकीत अधीक्षकांनी जुनी व्याकरणाची पुस्तकं आणली. त्यांत तिन्ही जागांची उदाहरणं सापडली, त्यामुळे तिघांचीही मतं पक्की झाली.

"हा माझ्या शब्दाचा प्रश्न आहे," मुख्य लिपिक म्हणाले.

"साहेब, तो शब्द माझा आहे," कारकून म्हणाला. एवढं बोलायला त्याने बराच धीर एकवटला होता.

"अर्ज तुमचा," उपनियंत्रक समजुतीने म्हणाले. "शब्द कार्यालयाचा."

अखेर कोणाचंच मन दुखवू नये असा तोडगा निघाला. ऑलरेडी तिन्ही ठिकाणी लिहावा, आणि प्रत्येक सदस्याने आपापल्या ऑलरेडीखाली हिरव्या शाईत सही करावी. पद आधीच, आधीच रिकामं झालेलं होतं आधीच, अशा थाटात अर्ज मुख्यालयाकडे रवाना झाला. तिघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. कारकुनानेही केलं, कारण तो सचिव होता.

मुख्यालयाचं उत्तर कधी नव्हे ते लवकर आलं. पद इतक्या वेळा आधीच रिकामं झाल्याचं वाचून वरिष्ठ हादरले होते. एवढी निकड कळवल्याबद्दल त्यांनी कार्यालयाचे आभार मानले होते. ती ध्यानात घेऊन हाताशी असलेल्या एका उमेदवाराला तिथे ताबडतोब रुजू केलं होतं. हे आपल्या अर्जाचा विचार होण्यापूर्वीच झालं, असं कळवून शेवटी लिहिलं होतं, ‘द पोस्ट हॅड बीन फिल्ड ऑलरेडी.’

कारकुनाने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याने खिशातून पेन काढलं, शेवटचा शब्द खोडला आणि बाण काढून तो आत नेला. तेवढ्यात बायकोचा फोन आला. मागे मुलगी दारात उभी राहून "बाबा कधी येणार, विचार ना" म्हणत होती, ते त्याला स्वच्छ ऐकू आलं.

"आलं का उत्तर?" बायकोने विचारलं. "काय लिहिलंय?"

"ऑलरेडी शेवटी टाकलाय," कारकून म्हणाला. "मुख्यालयात बसून असं इंग्रजी लिहितात."

बायकोने हळूच विचारलं, "आणि आपलं काय?" तेव्हा कुठे त्याला पत्राचा अर्थ लागला. त्याला धड एक वाक्य बोलता येईना, शुद्धही नाही आणि अशुद्धही नाही.

त्याला खुशाल हसा. पण मुख्यालयाचं ते वाक्य वाचताना तो शब्द ‘हॅड’नंतर हवा की ‘बीन’नंतर, हे तुम्हीही मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलंतच. ती पोर तेव्हा दारातच उभी होती.