डावा खिसा, उजवा खिसा

मी एखादी गोष्ट मनावर घेतली की तडीस नेतोच! चौथीच्या स्कॉलरशिपला नागपूर जिल्ह्यात सोळावा आलो होतो, ते काही उगाच नाही. त्या दिवशी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्या कॉलनीत पेढे वाटले होते आणि ज्यांच्याशी आमचं बोलणं बंद होतं त्यांच्या घरी मुद्दाम दोन जास्तीचे पाठवले होते. निकाल नसेल तर मेहनत फुकट, हे मी तेव्हाच शिकलो. म्हणून आमच्या नऊ वर्षांच्या तनिषाने इथे मँचेस्टरला आइस हॉकी खेळायचं ठरवलं, तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं, "अक्षया, हे खातं माझ्याकडे."

नागपूरच्या माणसाचा बर्फाशी संबंध गोळ्यापुरताच असतो, असं अक्षया म्हणाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पालकांच्या पहिल्याच मीटिंगला माझं डोकं फिरलं. कोच ग्लेनिस ही साठीची वेल्श बाई. डोक्यावर कायम लोकरीची टोपी आणि आवाज असा की बर्फाला तडे जावेत. तिने शांतपणे जाहीर केलं की आमच्या क्लबात दहा वर्षांखालच्या मुलांचा स्कोअर मोजत नाहीत. या वयात मुलांनी पळायला, वळायला, थांबायला शिकायचं, जिंकणं-हरणं मागाहून. भिंतीवरच्या स्कोअरबोर्डावर चक्क एक जुना पडदा टाकलेला होता! सगळे पालक माना डोलावत होते. मी हात वर करून विचारलं की मग जिंकलं कोण हे कळणार कसं? लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कुणाचा पगार विचारला होता.

म्हणजे परीक्षा घ्यायची, मुलांना घाम फुटेपर्यंत पेपर लिहायला लावायचे आणि ते तपासायचेच नाहीत! हे माझ्या हयातीत होणार नव्हतं.

त्याच मीटिंगमध्ये ग्लेनिसने प्रत्येक मुलाचं एक पिवळं कार्ड पालकांच्या हाती दिलं. सीझनच्या शेवटच्या दिवशी परत आणा, तोवर हरवू नका, एवढंच मी ऐकलं. कार्डावर काय आहे हे काही मी वाचलं नाही. मागची बाजू कोरी आहे, हे मात्र लगेच पाहिलं.

पुढे काय काय झालं ते कळायला हवं म्हणून कार्डावरचा मजकूर तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. मला तो सहा महिन्यांनी कळला. त्यावर दहा चौकोन होते, दहा कसबांचे. दहाही आली तर मूल पुढच्या वर्षी मैत्रिणींबरोबर मोठ्या टीममध्ये जाणार. एक जरी राहिलं तर आणखी एक वर्ष लहानांत. तनिषाची नऊ ख्रिसमसपर्यंत झाली होती. दहावं होतं, डावीकडे वळून थांबणं, तेसुद्धा चालू मॅचमध्ये आणि भिंतीचा आधार न घेता. उजवीकडे ती झकास थांबायची. डावीकडे थांबायची वेळ आली की थेट भिंतीवर जाऊन आदळायची. तो धाडकन आवाज ऐकून मी आप्पांना फोनवर सांगायचो, "तुमची नात वाघीण आहे, दर शनिवारी भिंतीला धडका देते."

आता माझी पद्धत ऐका. कागद-पेन काढलं की लोक बघतात, म्हणून मी राजमा वापरायचं ठरवलं. कोटाच्या आतल्या खिशात दोन मुठी राजमा. मॅच सुरू होताना आपली जाळी कुठली ते बघून ठेवायचं. समोरच्या जाळीत गोल झाला तर एक दाणा उजव्या खिशात, आपल्या जाळीत झाला तर डाव्या. मुलांकडे बघायचंच नाही! एक तर हेल्मेट घातल्यावर सगळी सारखीच दिसतात, आणि दुसरं म्हणजे मुलांकडे बघितलं की भावना मध्ये येतात. नजर फक्त जाळीवर. मध्यंतरात मी चहाच्या रांगेत उभा राहायचो, हाफ सुरू झाला की परत जागेवर. घरी येऊन दाणे मोजायचे आणि आकडा पिवळ्या कार्डाच्या कोऱ्या बाजूला. कार्ड माझ्या पाकिटात, म्हणजे हरवण्याचा प्रश्नच नाही.

निकाल भयानक होते. दोन-पाच, एक-चार, तीन-तीन. जानेवारीत एकदा तर शून्य-सहा! त्या दिवशी गाडीत मी तनिषाला अपयश कसं पचवायचं यावर अर्धा तास समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि उतरताना मला विचारलं, "बाबा, तुझं ऑफिसमध्ये काही झालाय का?"

मी दर शनिवारी तिला एकच प्रश्न विचारायचो, आज गोल किती? ती सांगायला लागायची की आज डावीकडे थोडं जमत होतं, पाय असा वळवला, स्केटची धार अशी टाकली. मी म्हणायचो, हो हो, पण गोल? मग ती खिडकीबाहेर बघत बसायची. थकली असेल, असं मला वाटायचं.

एप्रिलमध्ये शेवटची मॅच आली. सात मॅचमध्ये माझ्या हिशोबाने एकही विजय नव्हता. पण मी माघार घेणाऱ्यातला नाही! आप्पांना फोन करून शब्द दिला की या शनिवारी आपण जिंकणार आणि मी बर्फावर पेढे वाटणार. अक्षयाला एवढंच सांगितलं की शेवटचा दिवस आहे, चाळीस पेढे लागतील. तिला वाटलं मुलांचा निरोप समारंभ आहे. तिने शुक्रवारी हॉस्पिटलमधून आल्यावर मिल्क पावडरचे चाळीस पेढे वळले आणि वर केशराची एकेक काडी ठेवली. शनिवारी तिची ड्यूटी होती, म्हणून डबा माझ्याच हाती आला.

त्या दिवशी नेमकं फाटकाचं काम माझ्याकडे होतं. खेळाडू बदलताना बाकाजवळचं छोटं फाटक उघडायचं आणि लावायचं, हे काम पालक आळीपाळीने करतात. म्हणजे मी बर्फापासून वीतभर अंतरावर! राजमा आतल्या खिशात, पेढे पायाशी, नजर जाळीवर. पहिल्या हाफमध्ये दाणे भराभर डावीकडे पडत होते. मध्यंतरात नेहमीसारखा चहाला जाऊन आलो. दुसऱ्या हाफमध्ये उजवीकडेही पडायला लागले, तशी मला आशा वाटायला लागली. शेवटची चार मिनिटं राहिली असताना समोरच्या जाळीत आणखी एक गोल झाला. मी दोन्ही हात वर करून उडी मारली आणि त्याच झोकात फाटक उघडायला वाकलो.

आतल्या खिशातला सगळा साठा फाटकातून बर्फावर गेला. राजमा बर्फावर किती लांब जातो, याचा अभ्यास कुणी केला नसेल! लालबुंद दाणे मधल्या रेषेपर्यंत पोचले. रेफरीने शिट्टी मारली. खेळ थांबला. दोन्ही टीमची पोरं गुडघ्यांवर बसून दाणे वेचायला लागली आणि ग्लेनिस माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

हे काय आहे, असं तिने विचारलं. खरं सांगितलं असतं तर मला त्या बर्फाच्या रिंकवरून हाकललं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं की ही आमच्या घराण्याची परंपरा आहे.

इंग्रजांच्या देशात परंपरा या शब्दाला फार मान आहे. ग्लेनिसचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने रेफरीला थांबायची खूण केली आणि माझी माफी मागितली की आम्हाला आधी माहीत असायला हवं होतं. टीमची मॅनेजर सुनीती धावत आली. तिचे आजोबा दादरहून इथे आलेले. तिचा जन्म, शाळा, सगळं मँचेस्टरमध्येच. ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "यतीन, माझी आई मला हा पूजा कधी सांगितला नाही. सॉरी हं." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

पण सुरक्षितता म्हणजे सुरक्षितता. खिशात आणखी असतील तर ते आत्ताच काढायला ग्लेनिसने सांगितलं. उजव्या खिशातले आणि डाव्या खिशातले दाणे मी माझ्या हातांनी तिच्या ओंजळीत ओतले. अख्ख्या मॅचचा निकाल माझ्या डोळ्यांदेखत एकत्र झाला! मी ते मनात मोजलेलेही नव्हते, कारण डोकं मोकळं ठेवायचं हीच तर पद्धत होती. मग कुणीतरी विचारलं की हे शुभ असतं का. सुनीती माझ्या आधीच हो म्हणाली. दोन मिनिटांत प्रत्येक पालकाच्या मुठीत एकेक राजमा होता, आणि ते सगळे डोळे मिटल्यासारखे करून बर्फाकडे बघत होते.

खेळ पुन्हा सुरू झाला. आपण जिंकतोय की हरतोय, मला काहीच माहीत नव्हतं. मोजायला काही नव्हतं, म्हणून त्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी मुलांकडे बघितलं. आणि मला तनिषा दिसली. पिवळ्या लेस, जीभ दातांत धरलेली, पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, तिच्या काठीला चिकटलेला आणि समोर कुणीही नाही. गोलकीपर मघाशीच घसरून पडला होता, आख्खी जाळी मोकळी होती. ती कुठल्या बाजूची, हे बघायचं मला सुचलंच नाही. मी फाटकावर चढून ओरडलो, "मार, तनिषा, मार!"

तनिषाने मारलं नाही. तिने डावा खांदा झुकवला, दोन्ही पाय आडवे टाकले आणि खर्रकन बर्फाचा एक फवारा उडवून जाळीपासून दोन हात अंतरावर जागच्या जागी उभी राहिली. भिंत पार लांब होती. पक एकटाच रमतगमत पुढे गेला आणि खांबाला लागून बाहेर आला. लगोलग शेवटची शिट्टी झाली.

मी कपाळावर हात मारून घेणार तेवढ्यात आमच्या बाकावरची सगळी पोरं काठ्या आपटायला लागली. ग्लेनिसने टोपी काढून हवेत फेकली. पालक ओरडत होते. सुनीती तर रडत होती. गोल हुकला म्हणून एवढा आनंद? मी सुनीतीला विचारलं की झालं काय. तिने माझ्याकडे नीट बघितलं, मी थट्टा करतोय का ते पाहिलं आणि मग मला दहाव्या चौकोनाबद्दल सगळं सांगितलं. ऑक्टोबरपासून तनिषा दर शनिवारी बाकीचे गेल्यावर वीस मिनिटं त्या एकाच बाजूला थांबायचा सराव करायची. आज शेवटची संधी होती. हे सगळ्या रिंकला माहीत होतं. ती वीस मिनिटं मी बाहेर गाडी गरम करत बसलेला असायचो.

मला लाज वाटली. साधी, सरळ लाज.

तनिषा फाटकाशी आली, हेल्मेट वर केलं. "बाबा, लेफ्ट! तू बघितला ना? का जाळीकडेच बघत होतास?"

"बघितलं," मी म्हणालो. "तुझ्याकडेच बघत होतो."

तिने माझा चेहरा दोनदा तपासून घेतला, मग विश्वास ठेवला.

ग्लेनिस शिक्का घेऊन आली आणि तिने कार्ड मागितलं. मी बेसावधपणे पाकिटातून काढून दिलं. दुसऱ्याच क्षणी आठवलं, पण तोवर तिने ते उलटं धरलं होतं. सात तारखा, सात आकडे आणि प्रत्येकापुढे लाल शाईत तनिषा, शून्य. ग्लेनिसने आकडे वाचले. मग स्वतःच्या मुठीतल्या राजम्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हीसुद्धा तुमच्या घराण्याची परंपरा का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. सकाळपासून पहिल्यांदाच मी तिच्याशी खरं बोललो होतो.

आजचा आकडा दिसत नाही, असं ती म्हणाली. मी सांगितलं की मला माहीत नाही. तिने एक मोठा हुंकार दिला, कार्ड सुलटं केलं, आधीच्या नऊ चौकोनांवर पटापट शिक्के मारले आणि दहाव्यावर असा ठोकला की पायाशी ठेवलेला पेढ्यांचा डबा वाजला. मग मी तो उघडला. हे कशाचे, असं जो तो विचारत होता. मी चाळीस वेळा सांगितलं की माझी मुलगी थांबली, त्याचे. दुसऱ्या टीमलाही दिले, आणि त्यांच्या गोलकीपरला, तो सारखा पडत होता म्हणून, दोन जास्तीचे.

घरी जाताना तनिषा मागच्या सीटवर कार्ड उलटसुलट करून बघत होती. मी मनाशी पक्कं करत होतो की आता मोजणं बंद, कायमचं बंद. तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, हे नंबर सगळे चूक आहेत."

मी म्हटलं की शक्यच नाही, मी जाळीवरून नजर हलवली नव्हती. माझा उजवा खिसा म्हणजे समोरच्यांची जाळी, डावा म्हणजे आपली.

"पण हाफटाइमला आम्ही साइड बदलतो ना," ती म्हणाली.

मी गाडी बाजूला घेतली.

तिने मग समजावून सांगितलं, अगदी हळुवारपणे, जसं मी तिला अपयश समजावलं होतं. जानेवारीतले ते सहाच्या सहा गोल दुसऱ्या हाफमधले. आपलेच. त्यातले दोन तिचे. मुलांना स्कोअर नेहमीच माहीत असतो, फक्त कोच समोर असताना कुणी बोलत नाही. आठपैकी पाच मॅच आपण जिंकलो, आजची हरलो. आणि पुढच्या वर्षीपासून मोठ्या टीममध्ये स्कोअरबोर्ड चालू असतो, त्यामुळे तुला काही मोजायला नको, असंही तिने मला धीर देत सांगितलं.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. पेढे वाटले का? वाटले म्हटलं. जिंकलात का? हरलो म्हटलं.  मग त्यांनी विचारलं की नीट मोजलंस ना?

 खरं सांगू का, मला तर आता त्या सोळाव्या नंबराचीही शंका यायला लागली आहे.