पहिले पाऊल, नमुना पाच

मूल पाळणाघरात चालू लागत नाही. ते घरीच चालू लागते, आई-वडिलांच्या देखत, आणि शक्यतो सुटीच्या दिवशी. हा नियम निसर्गाचा नसून पाळणाघरातल्या मोठ्या मावशींचा होता. गेली सव्वीस वर्षे तो निसर्गाच्या नियमांपेक्षा काटेकोरपणे पाळला जात होता.

प्रत्यक्षात मुले चालायची ती मंगळवारी नाहीतर गुरुवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, कोणाचा तरी डायपर अर्धा काढलेला असताना. मूल उठायचे, समोरच्याच्या हातातला ठोकळा हिसकावण्यासाठी दोन-तीन पावले टाकायचे आणि ठोकळ्यासकट आपटायचे. मावशी त्याचा पापा घ्यायच्या आणि ठोकळा मूळ मालकाला परत करायच्या. संध्याकाळी आई न्यायला आली की बाटली, डबा, मोजे पिशवीत भरता भरता सहज म्हणायच्या, "या रविवारी जरा लक्ष ठेवा हं. मला लक्षणं दिसतायत." रविवारी मूल चालायचे. सोमवारी आई मोबाइलवर व्हिडिओ दाखवायची, आणि मावशी तोंडावर हात ठेवून म्हणायच्या, "अगं बाई, चाललं की."

या कारभारामुळे मावशी बोलतात ते खरे होते अशी ख्याती पसरली होती. काही आया तर मुलाला चांगल्या शाळेत प्रवेश मिळेल का, हेही त्यांना विचारून ठेवत. मावशी सांगायच्या, "आधी त्याचं नाक पुसा."

मावशींकडे रांगता वर्ग होता. वर्गात आठ मुले, सोळा मोजे आणि एक धाकटी ताई. ताई बालमानसशास्त्राची पदविका घेऊन नुकतीच कामाला लागली होती. पदविकेत मुलाच्या भावविश्वाबद्दल पुष्कळ होते, पण एकाच वेळी तिघे रडू लागले तर आधी कोणाला उचलायचे, याबद्दल अवाक्षर नव्हते. मावशींनी पहिल्याच दिवशी तिला सांगितले होते, "जो गप्प बसलाय, त्याच्याकडे आधी बघ. त्याच्या तोंडात काहीतरी आहे."

आठांपैकी एक ठमी. वय अकरा महिने, गाल दोन्ही बाजूंना वाहून चाललेले. तिची आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सकाळी साडेसातला ती ठमीला मावशींच्या कडेवर देई आणि संध्याकाळी साडेसहाला परत घेई. मधल्या अकरा तासांत ठमी मोठी होत होती, आणि आईला त्याचा फक्त वृत्तान्त कळत होता.

"मावशी, पालथी पडली ती इथे. पहिला दात तुमच्या बोटाला लागला," एका संध्याकाळी ती म्हणाली. "पहिल्यांदा 'आई' म्हणाली तेही म्हणे तुम्हालाच."

"मला कुठलं? पंख्याला म्हणाली," मावशी म्हणाल्या.

आई हसली, पण डोळे काही हसले नाहीत. "पहिलं पाऊल तेवढं माझ्यासाठी ठेवायला सांगा तिला."

"सांगते की," मावशी म्हणाल्या. शब्द दिला म्हणजे दिला. तसा तो आजवर दोनेकशे आयांना न मागताच दिलेला होता, पण मागणारी ही पहिलीच.

याच सुमारास बालसंगोपन नियमन विभागाच्या लक्षात आले की, देशातील बालके कोणतीही नोंद न करता चालू लागत आहेत. विभागाने तातडीने परिपत्रक काढले. पाळणाघराच्या मॅडमनी ते सगळ्यांना उभे करून वाचून दाखवले. मॅडम तशा प्रेमळ बाई होत्या, पण शिक्का असलेला कागद पाहिला की त्यांच्या हातापायांतले बळ जायचे.

"'पहिले पाऊल पडल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत नमुना पाच भरावा,'" मॅडमनी वाचले. "'पाऊल म्हणजे कोणत्याही आधाराविना उचललेला व पुन्हा जमिनीस टेकलेला एक पाय. दोन्ही पाय एकाच वेळी उचलल्यास ती उडी समजावी व नमुना सहा भरावा. नमुना भरताच पालकांस आपोआप संदेश जाईल.'"

संदेशाचा मसुदा सोबत जोडलेला होता. 'आपल्या पाल्याने पहिले पाऊल टाकले आहे. त्या वेळी आपण उपस्थित नव्हता. धन्यवाद.'

मावशींनी तो दोनदा वाचला. "हे कोणी लिहिलंय?"

"समितीने," मॅडम म्हणाल्या.

"समितीला मुलं नाहीत वाटतं."

"मावशी, हळू बोला. परिपत्रक आहे ते."

पहिल्याच आठवड्यात असा संदेश एका वडिलांना ऐन बैठकीत गेला. त्यांना एकदम भरून आले. साहेबांना वाटले, विक्रीच्या आकड्यांमुळे आले. त्या गैरसमजात त्यांना बढती मिळाली, तरी त्यांनी विभागाकडे तक्रार केली की, आमच्या मुलाने आमच्या अनुपस्थितीत व संमतीविना पाऊल टाकलेच कसे. विभागाला मुद्दा पटला. दुसरे परिपत्रक निघाले. यापुढे पहिल्या पावलासाठी पालकांची लेखी पूर्वसंमती आवश्यक. अर्ज सात दिवस आधी करावा. त्यात पावलाची अपेक्षित तारीख, वेळ, दिशा आणि पाय डावा की उजवा, हे नमूद करावे. संमती येईपर्यंत उभ्या राहणाऱ्या बालकास सौम्यपणे पूर्वस्थितीत आणावे.

"पूर्वस्थितीत म्हणजे?" ताईने विचारले.

"खाली बसवायचं," मावशी म्हणाल्या. "जन्मभर मुलांना उभं करण्याचा पगार घेतला, आता बसवण्याचा घ्यायचा."

त्या दिवसापासून रांगत्या वर्गात बसवण्याचे काम सुरू झाले. मुलांना वाटले हा नवा खेळ निघाला. एकाला बसवले की दुसरा उठे, दुसऱ्याला बसवेपर्यंत पहिला टाळ्या पिटत पुन्हा उभा. आजवर कधी उभी न राहिलेली दोन आळशी मुलेही, आपल्याला कोणी बसवत नाही या दुःखाने, खुर्ची धरून उठू लागली. आठवडाभरात आठही मुलांच्या मांड्या पहिलवानांसारख्या झाल्या आणि मावशींची कंबर धरली.

विभागाचा तपासनीस शुक्रवारी अचानक भेट देणार होता. भेट अचानक असल्याने तसे पत्र तीनच दिवस आधी आले. त्यात वेळ दुपारी तीनची दिली होती. तीनला पाच कमी असताना तपासनीस साहेब आले, पायातले बूट काढून कपाटाजवळ ठेवले आणि वर्गात मोठ्या माणसाची खुर्ची नसल्याने मुलांच्या खुर्चीवर बसले. त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. त्या अवस्थेतही त्यांनी चेहऱ्यावरचा हुद्दा ढळू दिला नाही.

"ओळखीचं केंद्र म्हणून मुद्दाम निवडलं," ते म्हणाले. "आमचे चिरंजीव इथेच होते. तीन वर्षं झाली. आठवत असतील तुम्हाला."

"न आठवून काय," मावशी म्हणाल्या आणि नकळत दंड चोळला. चिरंजीव चावरे होते.

साहेबांनी कागद तपासले. ठमीच्या पावलाचा अर्ज आईने भरून दिला होता. अपेक्षित तारखेपुढे तिने लिहिले होते, 'मी समोर असेन तेव्हा'. विभागाने त्रुटी काढून तो परत पाठवला होता. म्हणजे आजच्या तारखेला ठमीला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. ठमी हे कोपऱ्यातून ऐकत होती. साहेबांच्या गळ्यातले ओळखपत्र लाल नाडीला लटकून हलत होते, आणि लाल रंग हा ठमीचा कमकुवतपणा होता.

ती उठली. ताई तिला बसवायला धावली, पण वाटेत दोघे आडवे पडले होते. ठमीने एक पाऊल टाकले, दुसरे टाकले, क्षणभर थांबून आपण काय करतो आहोत याचा अंदाज घेतला, आणि उरलेली दोन पावले घाईघाईत टाकून साहेबांच्या नाडीला लोंबकळली. साहेबांची मान खाली आली. सव्वातीन वाजले होते.

मावशींना आनंद झाला, तो होतोच, सव्वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. पण पाठोपाठ त्यांना प्रयोगशाळेतली ती बाई दिसली, हातमोजे घालून कोणाचे तरी रक्त तपासणारी, आणि खिशात वाजणारा तो धन्यवादाचा संदेश.

"हे मूल कोणत्या वर्गात?" साहेबांनी मान वाकडी ठेवून विचारले.

"रांगत्या," मॅडम म्हणाल्या.

"मग चालतंय कसं?"

"चुकून, साहेब."

साहेबांनी नाडी सोडवून घेतली आणि पिशवीतून नमुना पाच काढला. "विनासंमती पाऊल. चार आहेत, म्हणजे चार प्रती. संदेश आत्ता जाईल, खुलासा सोमवारपर्यंत द्या."

"साहेब, आज शुक्रवार आहे," मावशी म्हणाल्या. "दोन दिवस थांबा. ती घरी चालेल, मग काय भरायचं ते भरा."

"म्हणजे माहिती दडपायची?"

"दडपायची नाही. जिची आहे तिला आधी बघू द्यायची."

"मावशी, पहिलं पाऊल ही गंभीर बाब आहे. कशी नोंद असावी ते दाखवतो." साहेबांनी मोबाइल काढला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघा. आमचे चिरंजीव. रविवार, सकाळी साडेनऊ. मी स्वतः काढलाय. आयुष्यातलं पहिलं पाऊल."

पडद्यावर चिरंजीव सोफ्यापासून निघाले, टेबलाला वळसा घातला, वाटेतली चप्पल उचलली आणि ती घेऊन परत आले.

"पहिल्याच वेळी वळसा," साहेब म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, हे क्वचितच दिसतं."

ताई नवी असली तरी अडाणी नव्हती. तिने व्हिडिओकडे पाहिले, मावशींकडे पाहिले आणि तोंड उघडले. मावशींनी तिच्या हातात एक ओला डायपर दिला. ती तो घेऊन निमूटपणे गेली.

"गोड आहे हो," मावशी म्हणाल्या. "साहेब, हे तुम्ही बघितलंत म्हणून. त्या दिवशी तुम्हाला ऑफिसात संदेश आला असता तर?"

साहेबांना बहुधा संदेशाचा मसुदा आठवला असावा. समितीत तेही होते. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. चिरंजीव पुन्हा वळले. साहेबांच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली, ती हिशेबाची होती. वर्गात पाहता पाहता त्यांच्यासमोर सात मुले उठली, धडपडली, बसली. एकही वळले नव्हते.

"मावशी," ते हलक्या आवाजात म्हणाले. गुडघे हनुवटीशी असल्याने ते स्वतःच एखाद्या शिक्षा झालेल्या मुलासारखे दिसत होते. "तो इथे... त्याआधी... चालला नव्हता ना?"

चिरंजीव मंगळवारी चालले होते. गुरुवारी त्यांनी बादली उलथवली होती आणि शुक्रवारी धावत येऊन मावशींच्या दंडाचा चावा घेतला होता. खरे सांगितले असते तर तपासणी तिथल्या तिथे संपली असती. कोणाचीही मान पकडायला इतके सोपे हत्यार मावशींना आजवर मिळाले नव्हते.

"छे हो," मावशी म्हणाल्या. "इथे तो धड उभासुद्धा राहायचा नाही. अगदी आळशी होता."

मुलाला आळशी म्हटल्यावर कोणत्याही बापाला इतका आनंद झालेला मॅडमनी पाहिला नव्हता. साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला, घसा साफ केला आणि ठमीकडे अधिकृत नजरेने पाहिले. ती त्यांच्या मोज्यावर बसली होती. मग त्यांनी नमुना पाच घडी घालून परत ठेवला आणि भेटवहीत शेरा लिहिला. 'तपासणीदरम्यान एका बालकाचा तोल गेला. चार वेळा, एकाच दिशेने. पाऊल आढळले नाही.'

संध्याकाळी साडेसहाला ठमीची आई आली. मावशींनी बाटली, डबा, मोजे पिशवीत घातले.

"उद्या लाल काहीतरी घाला अंगात," त्या म्हणाल्या, "आणि जरा लांब बसा तिच्यापासून. मला लक्षणं दिसतायत."

सोमवारी आई साडेसातऐवजी सव्वासातलाच दारात उभी होती. तिच्याने धड बोलवत नव्हते. "मावशी, माझ्याकडे आली. सरळ माझ्याकडे." व्हिडिओत ठमी लाल ओढणीच्या दिशेने अशी तरातरा निघाली होती की पायाखालची गादीही तिला अडवू शकली नाही. मावशींनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, चाललं की," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. ढोंगाची सव्वीस वर्षांची सवय असली तरी ते दर वेळी भरून यायचे.

साहेबांचा शेरा इतर तपासनिसांना फार सोयीचा वाटला आणि बघता बघता सगळीकडे रुळला. विभागाच्या वार्षिक अहवालात म्हटले आहे की, नोंदणीकृत पाळणाघरांत या वर्षी एकाही बालकाने पहिले पाऊल टाकलेले नाही. तोल जाण्याचे प्रमाण मात्र चिंताजनक असल्याने फरशांची चौकशी करण्यासाठी स्वतंत्र समिती नेमण्यात आली आहे. मुले घरीच, आई-वडिलांच्या देखत आणि सुटीच्या दिवशी चालू लागतात, हे आता शासनमान्य सत्य आहे.

तुमच्याही मोबाइलमध्ये असा एक व्हिडिओ असेलच. तारीख पाहा, बहुतेक रविवार निघेल. एकदा सवड काढून तो मावशींना नेऊन दाखवा. त्या तोंडावर हात ठेवतील आणि अगदी पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या पाहतील.